‘लो डोस’ चॉकलेट घरी करताय? मग डोस मोजला कुणी?

“डॉक्टर, एक विचारू? हसणार नाही ना?”

असं म्हणत काकूंनी पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. वय ६४. दोन्ही गुडघे झिजलेले. रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. काही वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज चालू. शिवाय ब्लडप्रेशरची एक आणि झोपेची अर्धी.

मोबाइलवर एक हसतमुख मुलगी होती. मागे चकचकीत ओटा, पुढ्यात वितळवलेलं चॉकलेट आणि हृदयाच्या आकाराचा साचा. ती गांजा घातलेली चॉकलेटं घरी कशी करायची ते शिकवत होती. ‘लो डोस आहे, अगदी माइल्ड, एक खा आणि छान झोपा.’ व्हिडिओ टोरांटोच्या भाच्याने पाठवला होता. त्याचं म्हणणं, “मामी, पाच मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही गं.”

मी हसले नाही. गेल्या वर्षभरात हा प्रश्न घेऊन आलेल्या त्या पहिल्या नव्हत्या. पाठदुखीचा एक आयटीवाला मुलगा आला होता, केमोथेरपी चालू असलेल्या वडिलांसाठी विचारणारी एक मुलगी आली होती. सगळे शहाणे, शिकलेले लोक. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘लो डोस’. हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरच्या ओट्यावर चॉकलेट बनतं, गांजाही त्यात उतरतो, पण ‘लो डोस’ बनत नाही. डोस म्हणजे मोजलेला आकडा. व्हिडिओतल्या रेसिपीत जो असतो तो अंदाज, आणि तुमच्या स्वयंपाकघरात येईपर्यंत तो अंदाजही उरत नाही.

एक खुलासा करते. मी सोवळं नेसून हे लिहीत नाहीये. या वनस्पतीत औषधी गुण आहेत, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. त्यातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो प्रयोगशाळेत तयार करून ड्रोनॅबिनॉल नावाने अमेरिकेत १९८५ पासून औषध म्हणून मान्य आहे, केमोथेरपीच्या मळमळीसाठी. दुसरा घटक सीबीडी. त्यापासून केलेल्या औषधाला तिथे २०१८ मध्ये लहान मुलांच्या काही अवघड प्रकारच्या फिट्ससाठी मान्यता मिळाली. म्हणजे औषध आहे. पण ड्रोनॅबिनॉलच्या कॅप्सूलवर अडीच, पाच किंवा दहा मिलिग्रॅम असं छापलेलं असतं, आणि आत तेवढंच आहे याची जबाबदारी कंपनीवर असते. फरक तिथेच आहे.

आता व्हिडिओतलं गणित बघू. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण २० ते २५ मिलिग्रॅम असतं. पाच मिलिग्रॅम म्हणजे त्या दाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा. तुमच्या घरातला वजनकाटा रवा-मैदा मोजण्यासाठी आहे. सोनाराचा काटा आणलात तरी तो पुडीचं वजन सांगेल, पुडीत टीएचसी किती आहे ते सांगणार नाही. आणि नेमका तोच आकडा हवा असतो.

ज्या देशांत हा माल परवाना असलेल्या दुकानात मिळतो, तिथे पाकिटावर टीएचसीचं प्रमाण छापलेलं असतं. व्हिडिओतली मुलगी त्या छापील आकड्यापासून गुणाकार सुरू करते. तुमच्या हातात काय असतं? कुणाच्या तरी ओळखीने आलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी. त्या एका ग्रॅममध्ये टीएचसी ५ टक्के असेल तर ५० मिलिग्रॅम झाले. २० टक्के असेल तर २००. दिसायला दोन्ही सारखंच हिरवं. म्हणजे पहिल्याच पायरीला चौपट फरक पडला, आणि अजून गॅसही पेटवलेला नाही.

गॅस पेटवल्यावर दुसरी भानगड सुरू होते. कच्च्या वनस्पतीतलं टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं, ते तसं खाऊन फारशी नशा येत नाही. उष्णता मिळाली की त्याचं रूपांतर होतं. उष्णता कमी पडली तर रूपांतर अर्धवट, जास्त झाली किंवा वेळ लांबला तर टीएचसीच नष्ट होऊ लागतं. आपल्या घरच्या ओव्हनचा काटा किती खरं बोलतो, हे केक करपवलेल्या कुणालाही विचारा.

आणि तिसरी गोष्ट ढवळण्याची. मिसळीच्या पातेल्यातून पहिल्या चार वाट्या वाढल्या की तर्री त्यांच्याकडे जाते आणि शेवटच्या वाटीत नुसता रस्सा उरतो. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. ते लोण्यातून वा तेलातून घट्ट चॉकलेटमध्ये मिसळायचं, तेही उलथन्याने. एका साच्यात दोन मिलिग्रॅम, शेजारच्यात बारा, असं होणं अगदी सहज शक्य आहे. पोह्यात मिठाचा खडा दाताखाली आला तर आपण थुंकतो तरी. हा खडा चवीला कळत नाही, तासा-दोन तासांनी कळतो.

औषधाच्या कारखान्यात हीच अडचण असते. म्हणून तिथे ढवळण्याची यंत्रं, ढवळण्याचे नियम आणि प्रत्येक बॅचमधल्या गोळ्या काढून त्यातलं औषध मोजण्याची चाचणी असते. एवढं नसेल तर काय होतं? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिएटल या तीन शहरांत वैद्यकीय वापरासाठी विकले जाणारे गांजाचे ७५ खाद्यपदार्थ संशोधकांनी तपासले. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आले. लेबलवरचा टीएचसीचा आकडा बरोबर निघाला तो फक्त १७ टक्के पदार्थांत. ६० टक्क्यांत लिहिल्यापेक्षा कमी, २३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त. हे दुकानात पैसे घेऊन विकणाऱ्यांचं झालं. आपण तर संक्रांतीचे लाडू वळता वळता एखादा लहान, एखादा मोठा करणारी माणसं.

कुणी म्हणेल, थोडं इकडे तिकडे झालं तर काय बिघडलं? वरणात मीठ कमी-जास्त होतंच की.

बिघडतं, कारण या औषधाची खिडकी फार अरुंद आहे. शिकागोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४२ निरोगी तरुण स्वयंसेवक. काहींना तोंडाने साडेसात मिलिग्रॅम टीएचसी दिलं, काहींना साडेबारा, काहींना नुसती खोटी कॅप्सूल. मग त्यांना लोकांसमोर बोलायला लावून मुद्दाम ताण दिला. साडेसातवाल्यांचा ताण कमी झाला. साडेबारावाल्यांचं उलट झालं, त्यांना आधीपासूनच जास्त अस्वस्थ वाटत होतं आणि कामगिरीही घसरली. मधलं अंतर फक्त पाच मिलिग्रॅमचं. म्हणजे पुन्हा तांदळाच्या दाण्याचा एक तुकडा. ज्या ‘शांत झोपे’साठी तुम्ही हे खाणार आहात, तीच घबराटीत बदलायला एवढा फरक पुरतो, आणि घरच्या साच्यात यापेक्षा जास्त फरक पडतो, हे आपण आत्ताच पाहिलं. लो डोसवाल्यांचा सगळा डोलारा इथे कोसळतो. कमी डोसमध्ये फायदा असेलही, पण तो कमी डोस गाठण्याचं साधन तुमच्याकडे नाही.

पोटातून गेलेलं वेगळं वागतं

“आमच्या कॉलेजात पोरं ओढायचीच की, काही झालं नाही,” असं सांगणारे काका मला दर आठवड्याला भेटतात. काका, ओढणं आणि खाणं यांत मोठा फरक आहे.

धूर फुप्फुसांतून काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. ओढणाऱ्याला लगेच कळतं की झालं, आता बास. खाल्लेलं आधी पोटात, मग आतड्यात, मग लिव्हरमध्ये जातं. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. पूर्ण जोर येतो दोन ते चार तासांनी आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. शिवाय लिव्हर त्या टीएचसीचं एका वेगळ्या रसायनात रूपांतर करतं, ११-हायड्रॉक्सी-टीएचसी हे त्याचं नाव. तेही मेंदूवर काम करतं आणि चांगलंच जोरदार करतं. तुम्ही उपाशी आहात की भरपेट, जेवणात तूप किती होतं, यावरसुद्धा किती शोषलं जाईल ते बदलतं. म्हणून सोमवारी ‘काहीच झालं नाही’ असं वाटणारं तेच चॉकलेट शुक्रवारी पुरणपोळीनंतर खाल्लं तर आडवं करू शकतं.

या उशिरामुळेच सगळ्यात जास्त घात होतो. माणूस एक तुकडा खातो. अर्धा तास वाट बघतो. काही नाही. ‘कमीच पडलं वाटतं’ म्हणून दुसरा, तिसरा. आणि मग सगळे मिळून चढतात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जानेवारी २०१४ पासून गांजाची खुली विक्री सुरू झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड डेन्व्हरला गेल्या, हॉटेलच्या खोलीत त्यांनी गांजाच्या चॉकलेटबारचा थोडा भाग खाल्ला, काही होईना म्हणून आणखी खाल्ला. पुढचे आठ तास त्या पलंगावर भीतीने गोळा होऊन पडल्या होत्या, असं त्यांनीच लिहिलं. नवख्याने त्या बारचे सोळा तुकडे करून एक खायचा असतो, हे त्यांना नंतर समजलं. लोकांनी त्यांची थट्टा केली. मला त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही. चॉकलेटचा सोळावा हिस्सा खाऊन थांबणारा माणूस तुमच्या पाहण्यात आहे का?

त्याच वर्षी मार्चमध्ये तिथे एक १९ वर्षांचा विद्यार्थी गेला. विकत घेतलेली कुकी, त्यात एकूण ६५ मिलिग्रॅम टीएचसी. सहा भाग करून एक खा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. त्याने एकच भाग खाल्ला. तासाभरात काही जाणवलं नाही म्हणून उरलेली सगळी खाल्ली. पुढच्या दोन-अडीच तासांत तो भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि बाल्कनीतून खाली पडून त्याचा मृत्यू झाला. ही घटना अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या अहवालात नोंदलेली आहे. त्याच्या कुकीवर लेबल होतं आणि सल्ला द्यायला दुकानदारही होता.

अशा अनुभवांतून तिथे नियम आले. कोलोरॅडोत एका वेळच्या तुकड्यात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम आणि तो तुकडा वेगळा ओळखू आला पाहिजे. कॅनडात तर अख्ख्या पाकिटात मिळून १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी चालत नाही, आणि पाकीट लहान मुलांना उघडता येणार नाही असं असावं लागतं. भाचा ज्याला ‘काहीच नाही’ म्हणतो ते पाच मिलिग्रॅम अशा पाकिटातलं आहे. त्याला मोजलेलं मिळतं. मामीला मिळणार ती पुडी आणि साचा.

फ्रिजमधला स्टीलचा डबा

आता जे सांगते त्यामुळे मी या विषयावर इतकी चिडते.

एका रात्री नऊच्या सुमारास तीन वर्षांचा एक मुलगा आला. संध्याकाळपर्यंत खेळत होता, मग चालताना झोकांड्या खायला लागला, मग आईच्या खांद्यावर मान टाकली ती उचलेचना. हाक मारली की डोळे किलकिले करायचा आणि पुन्हा गाढ. ताप नाही. पडला का? नाही. काही खाल्लं का? नाही हो, वरण-भातच. साखर तपासली, ठीक. डोक्याचा सीटी स्कॅन केला, ठीक. मेंदूज्वर तर नाही ना, म्हणून पाठीतून पाणी काढायची तयारी चालली होती. आईने देवाचा धावा सुरू केला होता. सोबत आलेला मामा मात्र दाराशी उभा राहून घामाघूम झाला होता. सुई पॅकमधून बाहेर काढली तेव्हा तो पुढे आला. “मॅडम, जरा बाहेर येता?”

मामाने चॉकलेटं केली होती. मित्रांसाठी. ‘लो डोस’च. फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात ठेवली होती, डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तरी तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. पोराने किती खाल्ली कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोठ्या माणसाला जे पाच मिलिग्रॅम, ते बारा-तेरा किलोच्या मुलाला पाच मिलिग्रॅमसारखं लागत नाही. शिवाय मूल एकावर थांबत नाही, चॉकलेट आहे ते. लहान मुलांत हा प्रकार गाढ गुंगी, ढिले पडलेले हातपाय, मंदावलेला श्वास अशा रूपात दिसतो. काहींना व्हेंटिलेटर लागतो. याला उतारा म्हणून कुठलं इंजेक्शन नाही. श्वास, नाडी, ब्लडप्रेशर सांभाळत वाट पाहायची. आमचा मुलगा रात्रभर ऑक्सिजनवर राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठून त्याने साखर-पोळी मागितली. त्याची आई तेव्हा भावाशी बोलत नव्हती. पुढे बोलू लागली की नाही, मला ठाऊक नाही.

अमेरिकेत विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. त्यांतली जवळपास सगळी मुलं घरातच सापडलेल्या पदार्थाने आजारी पडली. घर म्हणजे सुरक्षित जागा, हे इथे उलटं लागू पडतं.

गोळी कडू असते, यात शहाणपण आहे. बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागतं, त्यातही आहे. चॉकलेट ही गोष्टच मुळी मुलांनी शोधून काढावी आणि मोठ्यांनी एकावर थांबू नये अशी केलेली. अशा वस्तूत औषध लपवायचं, तेही सणावाराला पाहुणे येणाऱ्या, मोलकरणीपासून शेजारच्या आजींपर्यंत सगळ्यांचा फ्रिजला हात लागणाऱ्या आपल्या घरांत? मला हा बेजबाबदारपणा वाटतो आणि तसंच म्हणणार.

घरात दुसरा धोका असतो तो म्हाताऱ्या माणसांना. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातला अभ्यास २०२४ मध्ये आला. खाण्याचे गांजाचे पदार्थ कायदेशीर झाल्यावर ६५ वर्षांवरच्या लोकांचं त्यातून विषबाधा होऊन इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण आधीच्या सुमारे तिप्पट झालं. मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्या आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावं. तिथल्या फ्रिजमधली प्रत्येक गोड वस्तू आधी विचारून खा. आणि मुलांनो, आई-बाबा येण्याआधी तो डबा कुलपात ठेवा. येताना ती चॉकलेटं बॅगेत तर अजिबात टाकू नका. कॅनडातून ती बाहेर नेणं तिथेच गुन्हा आहे, आणि इथे आणणं हा त्याहून गंभीर.

साठीनंतर टीएचसीने उभं राहताना ब्लडप्रेशर खाली येतं, नाडी धावते. ब्लडप्रेशरची गोळी आधीच चालू असेल तर अंधारात बाथरूमला जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. झोपेची गोळी सोबत असेल तर गुंगी दुप्पट. वॉरफरिन घेणाऱ्यांत गांजातल्या घटकांमुळे ती गोळी शरीरातून बाहेर पडायला उशीर होऊन रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. काकूंच्या बाबतीत हे तिन्ही एकदम लागू होतं. आणि व्हिडिओतल्या मुलीने एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?

छातीत दुखण्याचा आजार असलेले, घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, विशी-पंचविशीच्या आतली मुलं यांना मी कुठल्याच डोसमध्ये हे सुचवणार नाही.

‘पण भांग तर शंकराचा प्रसाद’

हा युक्तिवाद येणारच. येऊ द्या. शिकाऊ डॉक्टर असताना धुळवडीच्या संध्याकाळी मी कॅज्युअल्टीत ड्यूटी केली आहे. थंडाईचे दोन पेले पिऊन ‘मी मरतोय, मला वाचवा’ म्हणत आलेली धडधाकट माणसं पाहिली आहेत. प्रसादाचं मोजमाप तिथेही कुणी केलेलं नव्हतं.

आणि परंपरेचंच बोलायचं तर पूर्ण बोलू. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि ती शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. आपल्या औषध नियमांत आयुर्वेदिक विषारी द्रव्यांची एक यादी आहे, परिशिष्ट ई(१). त्यात अफू, धोतरा, वत्सनाभ यांच्या पंगतीला भांग बसलेली आहे. ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. वैद्यांनी तिला विषाच्या यादीत घालून मग औषध केलं. व्हिडिओवाल्यांनी विष ही पायरीच गाळली.

कायद्याचं थोडक्यात सांगते, मी वकील नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा विषय राज्यांकडे जातो, आणि महाराष्ट्रात तीही दारूबंदी कायद्याखाली येते, मोकळी नाही. गांजाची किंवा चरसची चॉकलेटं करणं, जवळ ठेवणं, मित्रांना वाटणं, सगळं गुन्ह्यात येतं. ‘विकली नाहीत, नुसती वाटली’ या वाक्याने सुटका होत नाही. मुंबईत २०२१ मध्ये बेकरीतून अशा ब्राउनी विकल्याच्या आरोपावरून एनसीबीने धाडी टाकल्या होत्या. अमली पदार्थात मिसळलेल्या इतर वस्तूचं वजनही एकूण वजनात धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं आहे. केक-चॉकलेटला ते कसं लागू होतं यावर वकील भांडत राहतील. तुम्ही तोवर तारखा घेत राहाल.

आता आमची चूक

एवढं बोलल्यावर काकूंना मी विचारलं, “हे करावंसं का वाटलं?” त्या म्हणाल्या, “दोन वर्षं सांगतेय झोप नाही, गुडघे ठणकतात. तुम्ही अर्धी गोळी लिहून दिलीत आणि पुढचा नंबर बोलावलात.”

खरं होतं ते. मी केस पेपर मागे चाळला. दोन वर्षांत त्यांच्या गुडघ्यांसाठी मी एकदाही व्यायाम शिकवायला पाठवलं नव्हतं. मांडीचा स्नायू बळकट केला आणि वजन चार-पाच किलो उतरवलं तर झिजलेल्या गुडघ्याला जो आराम मिळतो त्यामागे भक्कम पुरावा आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी गांजाच्या बाजूने तसा पुरावा नाही. निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून जगभर जी सांगितली जाते ती वर्तनोपचाराची पद्धत, अंथरुणावर फक्त झोपण्यासाठी जायचं, ठरल्या वेळी उठायचं, दुपारची झोप बंद, हे समजावायला वीस मिनिटं लागतात. माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती. गोळी लिहायला वीस सेकंद पुरतात. आम्ही डॉक्टर ऐकून घेत नाही तिथे व्हिडिओवाले शिरतात.

केमोथेरपीवाल्या वडिलांच्या मुलीबद्दल मला जास्त वाईट वाटतं. वडिलांना वेदना असह्य होत्या आणि त्यांना कुणी मॉर्फिनबद्दल सांगितलंच नव्हतं. मॉर्फिन स्वस्त आहे, मोजून देता येतं आणि कॅन्सरच्या वेदनेवर त्याचा उपयोग सिद्ध आहे. २०१४ च्या दुरुस्तीने एनडीपीएस कायद्यातली त्याची वाट बरीच सोपी केली आहे. तरी ते रुग्णापर्यंत पोचत नाही, कारण डॉक्टरच बिचकतात. घरात कुणी असं तळमळत असेल तर चॉकलेटची रेसिपी शोधू नका. पॅलिएटिव्ह केअर कुठे आहे ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा, आवाज चढवून विचारा. मळमळीवरही आता चांगली औषधं आहेत.

कुणी खाल्लंच असेल तर

मूल असेल तर वाट पाहू नका, लक्षणं नसली तरी लगेच दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. मोठा माणूस नुसता घाबरलेला असेल, शुद्धीवर असेल, तर शांत खोलीत कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, गच्ची-बाल्कनीपासून लांब ठेवा, ‘हे उतरणार आहे’ असं पुन्हा पुन्हा सांगा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही गाडी चालवू देऊ नका. उलटी करवू नका, गुंगीत ती श्वासनलिकेत जाते. ताक, लिंबू, लोणचं यांनी काही उतरत नाही, उगीच घशात अडकतं. छातीत दुखणं, न थांबणारी उलटी, फिट, हाकेला ओ न देणं, श्वास मंद होणं किंवा असंबद्ध, आक्रमक वागणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी.

आणि डॉक्टरांना खरं सांगा. काय खाल्लं, किती, किती वाजता. उरलेला डबा सोबत न्या. विषबाधेच्या केसची रुग्णालय पोलिसांकडे नोंद करू शकतं, हे मी लपवत नाही. तरीही सांगा. त्या मामाने दीड तास गप्प राहून काय मिळवलं? पोराला एक सीटी स्कॅन झाला आणि पाठीत सुई जायची तेवढी शेवटच्या क्षणी वाचली.

काकूंना मी फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी दिली. झोपेची डायरी लिहायला सांगितली, दोन आठवड्यांनी शेवटचा नंबर घ्या म्हटलं, म्हणजे मागे कुणी खोळंबणार नाही. जाताना त्यांनी भाच्याला व्हॉइस मेसेज केला, माझ्यासमोरच. “अरे, डॉक्टर नको म्हणाल्या. तुझ्या घरी छोटी आहे ना रे? तुझा तो डबा कुठे ठेवतोस?”